बारा व्होल्टांचे भोक

मोटारीत गिअरच्या पुढे, डॅशबोर्डच्या पायथ्याशी एक गोल भोक असते. त्याचा आतला व्यास साधारण 21 मिलिमीटर. त्यावर एक झाकण असते आणि झाकणावर ‘12 व्होल्ट, 120 वॉट’ असे कोरलेले असते. झाकण पहिल्या वर्षीच हरवते, त्यामुळे हा मजकूर सहसा कुणाच्या वाचनात येत नाही. भोकाच्या तळाशी मधोमध धातूचा एक ठिपका असतो, तो धन. भोवतालची नळकांडी भिंत ऋण. दोहोंना चार्जर नीट टेकला की वीज वाहते. शास्त्र एवढेच. उरलेला सगळा विषय नीट न टेकण्याचा आहे.

हे भोक मोबाईलसाठी पाडलेले नाही. 1921 साली अमेरिकेत मोटारीतल्या अशा लायटरचे पेटंट निघाले, ज्याचा तापलेला भाग वायरीशिवाय उपसून थेट तोंडातल्या सिगारेटपर्यंत नेता येई. नंतर सुधारलेला लायटर आत दाबला की द्विधातूच्या दोन पट्ट्या त्याला धरून ठेवत, तो लाल झाला की पट्ट्या फाकत आणि लायटर टक्कन बाहेर येई. पुढे सिगारेट बदनाम झाली. मोटारीतून ॲशट्रे गेला, लायटर गेला. भोक तेवढे राहिले. धूम्रपानाच्या सोयीसाठी ठरलेल्या मापावर आज निर्व्यसनी कुटुंबे देवदर्शनाला जातात आणि वाटेत त्या भोकाला शिव्या देतात.

या भोकाच्या विकारांचा अभ्यास करायला हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ फार सोयीचे आहे. गावात ज्योतिर्लिंग आहे. परळी वैजनाथ आणि औंढा हे दर्शन एकाच दिवसात उरकण्याची पद्धत आहे. मधले अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त. रस्ता गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतो, तरीही मॅप चालू असतो; मागच्या सीटवर एकजण व्हिडिओ पाहत असतो, आणि परळीतले फोटो सगळ्या नातेवाइकांना रवाना होत असतात. परभणी-जिंतूर करत गाडी औंढ्याच्या पार्किंगमध्ये शिरते तेव्हा मोबाईल 4 टक्क्यांवर आलेला असतो आणि तो चार्जिंगला लावूनसुद्धा 3 वर जातो. श्रावणी सोमवारी हे दृश्य ओळीने दिसते.

निदान सुरू व्हायच्या आधी निदान करणारे जमतात. त्यात बेल-नारळाचा दुकानदार असतो, पावत्या फाडणारा पोऱ्या असतो, काळी-पिवळीचा चालक असतो, आणि गाडीतलेच मेव्हणे असतात. “बॅटरी उतरली असंल,” हे पहिले मत. “अल्टरनेटर पाहून घ्या भाऊ,” हे दुसरे. “सगळं वायरिंग काढावं लागतंय बघा,” हे तिसरे. मेव्हणे पुण्याचे असतील तर सॉफ्टवेअरचा मुद्दा निघतो. खरे तर बिघाड स्वस्तापासून महागापर्यंत शोधत जायचा असतो. पार्किंगमध्ये तो महागापासून स्वस्तापर्यंत शोधला जातो, कारण दहा रुपयांचा फ्यूज उडाला असे सांगणाऱ्याला कुणी जाणकार समजत नाही. बॅटरीचे मत खोडायला एक किल्ली पुरते. इंजिन सुरू करताना स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मोबाईलचा चार्जर जेमतेम एक. जी बॅटरी पहिल्या फटक्यात इंजिन फिरवते ती मोबाईलपुरती उतरलेली असू शकत नाही. हे सांगितल्यावर गर्दी निरुत्तर होते, पण हटत नाही.

पहिली पायरी चार्जरवर संशय घेण्याची. तोच चार्जर शेजारच्या गाडीत लावावा आणि शेजारचा चार्जर आपल्या गाडीत. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण दोष केबलमध्ये निघतो. केबल मानेपाशी मोडलेली असते आणि एका विशिष्ट कोनात धरली तरच चालते. तो कोन घरात फक्त एका व्यक्तीला माहीत असतो आणि ती व्यक्ती दर्शनाच्या रांगेत असते. दुसरी पायरी किल्लीची. बऱ्याच गाड्यांत हे भोक किल्ली एक टप्पा फिरवल्यावरच जिवंत होते. इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळे उतरलेले आणि चार्जर मेला म्हणून हळहळणारे कुटुंब, हे दृश्य दुर्मिळ नाही.

तिसऱ्या पायरीवर कुणीतरी खिशातून टेस्टर काढतो. मराठवाड्यात पेन नसलेला खिसा सापडेल, टेस्टर नसलेला सापडणे अवघड. टेस्टर भोकात घातला जातो, त्यातला दिवा लागत नाही, आणि “सप्लायच नाही” असा निकाल लागतो. या टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला साधारण 60 ते 90 व्होल्ट लागतात. तो घरच्या 230 व्होल्टांसाठी आहे. 12 व्होल्ट त्याच्या गावीही नसतात. शिवाय आत घातलेली टेस्टरची पोलादी दांडी तळाच्या ठिपक्याला आणि भिंतीला एकदम लागली की जो सप्लाय होता तोही जातो. निकाल मग खरा ठरतो. ज्याने निकाल दिला तो पुढची बरीच वर्षे त्याचा दाखला देतो.

आता भोकात डोकावावे. किल्ली बंद करून, मोबाईलची बॅटरी पाहता, दुसऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च लावून. झाकण नसलेले भोक हे गाडीतले सर्वांत खोल भांडे असते आणि गाडीतल्या सर्व बारीक वस्तू उताराने तिथे पोचतात. औंढ्याला येणाऱ्या गाड्यांत तळाशी सापडणारा माल ठरलेला आहे: अंगारा, उदबत्तीची राख, साखरफुटाण्याचा चुरा, वाळक्या बेलपानाचे तुकडे, सुपारीचे खांड आणि चुना. चुना सुकला की त्याचा पापुद्रा बसतो आणि ठिपका झाकला जातो. नारळाच्या पाण्याचे काम उलट असते. त्यात क्षार असतात, त्यामुळे ते आधी वीज नको तिथून वाहवते, आणि मग धातूवर हिरवट थर चढवून हवी तिथूनही वाहू देत नाही. फोडलेला नारळ गिअरपाशी ठेवणे हे श्रद्धेचे काम असेल, पण सॉकेटच्या दृष्टीने तो अभिषेकच.

सर्वांत घातक वस्तू म्हणजे एक रुपया. 2019 च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे 20 मिलिमीटर व्यासाचे आहे. 21 मिलिमीटरच्या भोकात ते घरंगळत जाते आणि तळाशी आडवे पडून ठिपका आणि भिंत यांचा विवाह लावते. फ्यूज तत्क्षणी उडतो. 2011 च्या मालिकेतला रुपया जवळजवळ 22 मिलिमीटरचा होता, तो या भोकाच्या तोंडावरच अडतो. दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी त्याहून मोठी, त्यांचा प्रश्नच येत नाही. म्हणजे दानपेटीत टाकायला सुटे काढून ठेवताना जो सर्वांत लहान नाणे निवडतो, त्याचाच फ्यूज जातो. नाणे काढताना आधी फ्यूज उपसून ठेवावा आणि लाकडी काडीला डिंक किंवा चिकटपट्टी लावून ते वर आणावे. किल्लीने किंवा हेअरपिनने उकरण्याचा प्रयोग करणाऱ्यांना दुसरा फ्यूज लागतो. बाकीचा कचरा पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीने उडवता येतो. उडवताना तोंड बाजूला ठेवावे, कारण अंगारा कपाळासाठी असतो, डोळ्यांसाठी नसतो.

स्वच्छ भोकातही चार्जर डुगडुगत असेल तर वीज खड्ड्यांच्या वेळापत्रकाने मिळते. चार्जरच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पाकळ्या असतात, त्या दबून गेलेल्या असतात. त्या नखाने हलकेच बाहेर ओढल्या की पुन्हा भिंतीला टेकतात. लोक त्याऐवजी कागदाची घडी खुपसतात. कागद विजेचा वाहक नाही, आणि ज्या बाजूला तो खुपसला त्या बाजूची पाकळी तो कायमची बाद करतो. तरी हा उपाय महाराष्ट्रभर लोकप्रिय आहे आणि कधीकधी लागूही पडतो, कारण दुसरी पाकळी घट्ट दाबली जाते. असल्या योगायोगांनीच चुकीचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

चार्जरच्या टोकाशी एक गुपित असते. ज्या धातूच्या बोंडीने तो तळाला टेकतो तिच्याभोवती खाचा पाडलेली एक कडी असते आणि बऱ्याच चार्जरमध्ये ती आट्यांवर फिरते. कडी सोडवली की बोंडी निघते, तिच्यामागे काचेच्या नळीचा छोटा फ्यूज निघतो, आणि त्याच्यामागची स्प्रिंग. ही स्प्रिंग आत दबून बसलेली असते. कडी शेवटच्या आट्यावर आली की ती उडते, आणि ती नेहमी सीट आणि कन्सोल यांच्यामधल्या फटीत जाते. त्या फटीत हात जात नाही, बोटे जातात. बोटांना आधी फास्टॅगची जुनी पावती लागते, मग कंगवा, मग हरवल्याबद्दल एकदा घरात भांडण झालेली कानातली रिंग. स्प्रिंग लागत नाही. तेव्हा कडी सोडवताना चार्जरचे टोक आकाशाकडे धरून त्यावर रुमाल टाकावा. काचेच्या नळीतली बारीक तार तुटलेली किंवा नळी काळवंडलेली दिसली तर गाडीचा काही गुन्हा नाही. गर्दीला हे कळवण्याची गरज नाही. तिचा हिरमोड होतो.

चार्जर निर्दोष ठरला की गाडीच्या फ्यूजकडे वळायचे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत फ्यूजची एक पेटी बहुधा चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली असते, दुसरी बॉनेटमध्ये. डॅशबोर्डखालची पेटी पाहायला डोके ब्रेकपाशी आणि पाय दाराबाहेर अशी अवस्था घ्यावी लागते. नागनाथाचे लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे आणि तिथे चिंचोळ्या वाटेने अंग चोरत उतरावे लागते. त्यामुळे दर्शन करून आलेल्याला हा व्यायाम जड जात नाही. दर्शनाआधीच फ्यूज शोधणाऱ्याची मात्र कंबर धरते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यात लोक ‘चार्जर’ शोधतात आणि तो सापडत नाही, कारण कंपनीने तिथे अजून सिगारेटचेच इंग्रजी लघुरूप किंवा ‘ॲक्सेसरी सॉकेट’ छापलेले असते. काही गाड्यांत हाच फ्यूज रेडिओलाही पुरवठा करतो. रेडिओही मुका झाला असेल तर शोध तिथेच आटोपतो, पण रेडिओ कधी मुका झाला हे कुणालाच आठवत नाही, कारण गाणी मोबाईलवर चालू असतात.

पात्यांचे हे फ्यूज रंगावरून ओळखतात: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आतली वळणदार पट्टी दिसते. ती तुटली असेल तर फ्यूज गेला. तो काढायला पेटीतच एक प्लॅस्टिकचा चिमटा दिलेला असतो. त्याकडे दुर्लक्ष करून पक्कड आणण्याची प्रथा आहे. आणि मग येतो या विषयातला सर्वांत धोक्याचा क्षण. निळा फ्यूज जवळ नसतो, हिरवा असतो. “मोठाच टाका, परत उडायचा नाही,” असा सल्ला येतो. तो परत उडत नाही हे खरेच. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. पंधराच्या जागी तीस घातला की फ्यूजची जबाबदारी वायरीवर येते, आणि गालिच्याखालून गेलेली वायर नेमकी कुठे वितळावी हे मालकाला विचारून ठरवत नाही.

हिरवाही मिळाला नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघते. भोकातून हद्दपार झालेली सिगारेट अशी फ्यूजपेटीतून घरात परत येते. हा हुन्नर शेतातल्या डीपीपाशी कमावलेला असतो. तिथे रात्री पाळीची लाइन आलेली असते, पाणी दारेवर असते, फ्यूज गेलेला असतो आणि लाइनमनचा फोन लागत नाही. माणूस मिळेल ती तार गुंडाळून पंप सुरू करतो. ती अडचण कुणीही समजून घेईल. मोबाईलवर मालिका पाहण्यासाठी गाडी पेटवण्याचे समर्थन तेवढे सोपे नाही.

नवा फ्यूज घातला आणि लगेच उडाला तर भोकात अजून काही अडकले आहे किंवा वायर कुठे घासली आहे. काही वेळाने उडाला तर दोष मागणीचा. 120 वॉट म्हणजे 12 व्होल्टांवर 10 अँपिअर. मोबाईल त्यातले किरकोळ घेतो. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप जवळजवळ सगळे घेतो. एका भोकाची तीन भोके करणारा जोड लावला म्हणून पुरवठा तिप्पट होत नाही, तरी तिन्हीत काहीतरी असावे असे मालकाला वाटते: एकात पंप, एकात मोबाईल, एकात डॅशबोर्डवरच्या मूर्तीची रंगीत माळ. काळी-पिवळीत याच्या जोडीला पंखाही असतो. गाडीतल्या इलेक्ट्रिक किटलीचा हिशेब तर करून पाहण्याजोगा आहे. अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 157 किलोज्यूल लागतात. 120 वॉटच्या दराने, एक थेंब उष्णता वाया न जाता, ही 22 मिनिटे झाली. तेवढ्या वेळात औंढ्याच्या बसस्टँडसमोर चहा सांगून, पिऊन, “मी देतो, मी देतो” हे भांडणही पूर्ण होते.

फ्यूज शाबूत, भोक स्वच्छ, तरी वीज नाही, अशा वेळी मल्टिमीटर लागतो. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवावा, लाल टोक ठिपक्याला आणि काळे भिंतीला लावावे. इंजिन बंद असताना साडेबारा आणि सुरू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा दिसला तर पुरवठा ठीक. इथे एक फसवणूक आहे. गंजलेला जोड मोकळ्या मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि काम पडले की पाठ दाखवतो. वाटेत नुसता अर्धा ओहम रोध असला तरी 5 अँपिअर ओढताच अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर भरवसा ठेवतात: इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, संपले. बल्ब ढणढणीत पेटला तर लाइन खरी. मिणमिणला तर जोड खोटा. लाल टोक ठिपक्यावर ठेवून काळे भिंतीऐवजी गाडीच्या उघड्या पत्र्याला लावल्यावर बल्ब पेटला, तर दोष बॉडी अर्थचा.

मोजमापाचाच विषय निघाला आहे, तर औंढा तालुक्यातच दुधाळ्याला लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने 2023 च्या एप्रिलमध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या दहाहजाराव्या हिश्शाहूनही कमी फरक पडला तर तो मोजायचा आहे, म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे आदळल्याची वार्ता औंढ्याला कळेल. पार्किंगमध्ये मोजमापाची पद्धत अजून “जरा हलवून बघा” हीच आहे. तिचाही उपयोग होतो. हलवल्यावर चालणारी वस्तू लूज कॉन्टॅक्टची असते, हे कृष्णविवरांइतकेच पक्के आहे.

वायरिंग कुणी आधी उघडले असेल तर धन-ऋण उलटे जोडले गेल्याची शक्यता तपासावी. साधा बल्ब दोन्ही बाजूंनी पेटतो, म्हणून ही चूक टेस्ट लॅम्पला कळत नाही. मीटरवर आकड्यापुढे उणे चिन्ह दिसते. नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि म्हणून औंढ्याचा नंदी मागच्या बाजूला आहे, अशी आख्यायिका आहे. चार्जर असा फिरत नाही. तो गप्प बसतो, किंवा धूर काढतो.

भोक जिवंत असूनही मोबाईल भरत नाही, हा वेगळा विकार. गाडीच्या रेडिओखाली जे चपटे यूएसबी असते ते पुष्कळदा गाण्यांसाठी असते आणि अर्धा अँपिअर एवढेच देते. मॅप, इंटरनेट आणि पूर्ण उजेडाचा पडदा यांना ते पुरत नाही. त्यासाठी हेच गोल भोक आणि चांगला चार्जर वापरावा.

उलट विकारही असतो: किल्ली काढली तरी भोक चालूच. अशा गाडीत 0.4 अँपिअर घेणारा डॅशकॅम दिवसरात्र राहिला तर 24 तासांत जवळजवळ 10 अँपिअर-तास पितो. छोट्या मोटारीची बॅटरी 35 च्या आसपास असते. लॉजवर दोन रात्री मुक्काम केला की तिसऱ्या सकाळी पार्किंगमधले पहिले मत, बॅटरी उतरल्याचे, अखेर बरोबर ठरते. विजेवरच्या मोटारीतही हे भोक वेगळ्या 12 व्होल्टांच्या बॅटरीवरच चालते, तेव्हा मोठी बॅटरी भरलेली आहे या आनंदात राहू नये. ट्रक आणि बस यांचा हिशेब 24 व्होल्टांचा. वसमतहून हळद भरून निघालेल्या ट्रकच्या चालकाने शेजारधर्म म्हणून मोटारीचा पंप लावू दिला, तर पंप आधी दुप्पट उत्साहाने चालतो आणि मग कायमचा थांबतो. उपकरणावर ‘12-24’ असे लिहिले असेल तरच हा शेजारधर्म स्वीकारावा.

इतके होऊनही उपयोग झाला नाही तर सॉकेटच गेलेले असते. तळ वितळतो किंवा मागचा जोड जळतो. नवे बाजारात सहज मिळते. ते बदलण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सुटे करावे, कन्सोलचे आवरण ज्या क्लिपांवर बसते त्या न तोडता काढावे, मागची जोडणी उपसून जुने नळकांडे बाहेर घ्यावे, नवे त्याच खाचेत बसवावे आणि आवरण लावण्याआधी टेस्ट लॅम्पने तपासावे. आवरण लावल्यावर एक स्क्रू उरतो. तो सॉकेटमध्ये पडणार नाही अशा जागी ठेवावा. शेवटी बॅटरी जोडून डॅशबोर्डवरचे घड्याळ पुन्हा लावायचे असते, कारण बॅटरी सोडल्यावर ते मूळपदावर आलेले असते. घड्याळ लावायची रीत गाडीच्या पुस्तिकेत आहे आणि पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, म्हणून बहुतेक लोक ही पायरी पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलतात.